गिरणीघराकडे जाणारा बाण

५ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्राला उशीर झाला त्याला कारण काही नाही, आळस. तू बस कंपनीत वेळापत्रकं लावतेस म्हणून माझी पत्रंही वेळेवर सुटावीत असं तुला वाटतं. पण या मार्गावर गाडी एकच आणि तीही म्हातारी, तेव्हा सांभाळून घे.

इथे उद्यान परवापासून लोकांना उघडलं. होड्या रंगवून तळ्यात सोडल्या, पोहायच्या कोपऱ्याला दोरी बांधली, तंबूंच्या मैदानावरचं गवत कापलं. पक्षी बघायच्या मनोऱ्याची मोडकी पायरी एकदाची बदलली. आपल्या रखवालदारांना नवी शिट्टी मिळाली आहे, त्यामुळे दोरीजवळ नुसतं बदक गेलं तरी वाजवतात. मी त्यांना शिट्टीवाले म्हणते ते आता सगळं उद्यान खातं म्हणायला लागलंय.

यंदा खात्याने जागोजागी नव्या पाट्या लावल्या. तळ्याच्या वाटेवर ‘जुने गिरणीघर’ अशी एक आहे. आपल्या पाणगिरणीचे पडके दगड तळ्याच्या डाव्या अंगाला, आणि पाटीवरचा बाण उजवीकडे. म्हणजे थेट माझ्या दारात. परवा दोन बायका सरळ स्वयंपाकघरात आल्या. एकीने फळीवरची बरणी उघडून वास घेतला आणि दुसरीला म्हणाली की बघ, आत खराखुरा चहा भरून ठेवलाय, खातं बरीच मेहनत घेतं हं. मी मागेच उभी होते. मला तिने वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं.

कालचा प्रकार तर ऐकच. दुपारी खिडकीशी खुर्चीत माझा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा एक गृहस्थ आपल्या छोट्या मुलीला सांगत होते की मेणाचा पुतळा किती हुबेहूब बनवलाय, हातावरच्या शिरासुद्धा सोडल्या नाहीत. मी तशीच बसून राहिले, म्हटलं बघू तरी. पोरीने पुढे होऊन माझ्या गालाला बोट लावलं, आणि मी डोळे उघडले. तिची किंकाळी मनोऱ्यापर्यंत गेली असेल. सावरल्यावर तिने विचारलं की मी हे सगळ्यांना करून दाखवते का.

शिट्टीवाले म्हणतात, पाटीचा खांब सिमेंटात पक्का केलाय, तो फिरवायला वरून परवानगी हवी. म्हणजे झालंच. उजवा खुबा जरा कुरकुरतो, बाकी मी ठणठणीत आहे.

लोभ आहेच. तो वाढवायला सुट्टी मिळत नसेल तर निदान पत्रं वाढव.

तुझी
आत्या


१४ मार्च

ती. मेणाच्या आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे पोट धरून हसले. मीही हसले. मग घरी येऊन तुझं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

खुबा कुरकुरतो म्हणे! शिट्टीवाल्यांनी मनोऱ्यावर चढून मला फोन केला होता. रेंज तिथेच मिळते, आणि तिथे तू चढू शकत नाहीस, म्हणून तुला वाटतं की भिंगरीला काही कळणार नाही. थंडीत तू अंगणात पडलीस, ते फेरीवर येईपर्यंत तशीच पडून होतीस, आणि तेव्हापासून भिंत धरून चालतेस. हे सगळं त्यांनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं.

तुझे जुने एक्स-रे घेऊन इथल्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या की खुबा बदलायलाच हवा. आणखी रेंगाळलात तर अंथरूण धरावं लागेल. ऑपरेशननंतर काही महिने चढउतार नाही, सरपण उचलणं नाही, एकटं राहणं तर नाहीच. म्हणजे तुझ्या त्या घरात राहणं नाही.

माझ्याकडे ये. लिफ्ट आहे. बाबा गेल्यापासून त्यांची खोली रिकामी आहे, मी तिथे इस्त्रीचे कपडे टाकते. आत्या, मला हक्काने रागावणारं आता तूच एक उरली आहेस. मला तुझी भीती वाटत नाही, तुझ्यासाठी वाटते.

घर घर करू नकोस. लोभ असू दे, हट्ट नको.

तुझी
भिंगरी


२२ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

शिट्टीवाल्यांशी मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी सरपण फोडून दिलं, तेव्हा बोलावं लागलं.

घर घर करू नको म्हणतेस, तर हे घर माझ्याकडे कसं राहिलं ते नीट ऐक. तुझ्या बाबाने तुला अर्धंच सांगितलं असणार, कारण तो तेव्हा शहरात नोकरीला होता.

हे तळं देवाने केलेलं नाही, माझ्या आजोबांनी ओढा अडवून गिरणीसाठी केलं. गिरणी चालायची तेव्हा दळण घेऊन आलेली माणसं नंबर लागेपर्यंत पाय पाण्यात सोडून बसायची. पुढे विजेच्या गिरण्या आल्या, दळण कमी झालं, पण माणसं यायची थांबली नाहीत. रविवारी पोरंबाळं घेऊन यायची. तुझ्या आजोबांनी दोन होड्या करून घेतल्या, धबधब्यापर्यंतची वाट साफ केली. म्हणजे उद्यान सरकारने काढलं म्हणतात ते तितकं खरं नाही, ते आपोआपच झालं होतं. सरकारने फक्त फाटक बसवलं.

मग एका खडीवाल्याला आपला डोंगर हवा झाला. त्याच सुमारास सरकारचीही माणसं आली. तुझ्या आजोबांनी डोंगर फुटू द्यायचा नाही म्हणून जागा सरकारला दिली, पण एक अट घातली. मुलगी हयात आहे आणि इथे राहते आहे तोवर हे घर तिचं. घर सलग सहा महिने बंद राहिलं तर ते उद्यानाचं. ते आजारी पडल्यावर गिरणी मीच चालवली होती, त्याची ती जाण होती. सरकारी साहेब लगेच कबूल झाले. त्यांना वाटलं, बाई तरुण आहे, दोन-चार वर्षांत लग्न करून जाईल. मी ठाण मांडून बसले ती बसलेच. ते साहेब निवृत्त झाले, त्यांच्यानंतरचेही झाले.

आता सांग, मी ऑपरेशनला आले आणि तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सहा महिने सोडलं नाही, तर परत कुठे येऊ? तिकीट काढून?

खुब्याचं माझं मी बघेन. लोभ करतेस तो ठाऊक आहे, म्हणून जास्त रागावत नाही.

तुझी
आत्या


३ एप्रिल

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

ती अट मी खात्यात जाऊन विचारून आले. माझी बस कंपनी मला दोन तासांची सुट्टी देते ती मी तुझ्या घरासाठी घालवली, याची नोंद घे. तुझ्याऐवजी मी तिथे राहिले तर चालेल का, हे विचारलं. चालत नाही. हक्क तुझ्या एकटीचा. पण सलग म्हणजे सलग. मधे एक रात्र जरी तू तिथे राहिलीस तरी सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

तेव्हा हे घे वेळापत्रक. मेच्या सुरुवातीला तू निघतेस. लगेच ऑपरेशन. ऑगस्टमध्ये तू काठी घेऊन चालतेस. ऑगस्टअखेर परत. समजा उशीर झाला, तरी ऑक्टोबरात मी तुला एका रात्रीसाठी का होईना तिथे नेऊन सोडते. गाडी वेळेत परत आणायची जबाबदारी माझी, आणि माझी गाडी आजवर चुकलेली नाही.

पोहायला मला तूच शिकवलंस. पोटाखाली हात धरून तळ्याच्या मध्यापर्यंत नेलंस आणि मग हात काढलास, मला न सांगता. मी बुडाले नाही, कारण तू जवळ होतीस हे मला ठाऊक होतं. मीही तितकीच जवळ असेन. घर गेलं तर मला वाईट वाटेल, आत्या. पण तू पुन्हा त्या अंगणात पडलीस आणि शिट्टीवाल्यांची फेरी त्या दिवशी चुकली, तर मी काय करू?

लोभावर आणखी काय लिहू? उत्तर पाठव.

तुझी
भिंगरी


१२ एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद.

येते. उशी माझी मी आणीन. इस्त्रीचे कपडे उचलून ठेव.

आत्या


२० जुलै

आदरणीय ताईंस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

भिंगरीताईंशी फोनवर बोललो. जखम चिघळली आणि पुन्हा दवाखान्यात राहावं लागलं हे ऐकून वाईट वाटलं. आता ताप नाही म्हणाल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला.

इकडचं ठीक आहे. यंदा होड्यांना रांग लागते. धबधब्याच्या वाटेवर एक झाड आडवं झालं होतं, ते कापून तिथेच बसायला ओंडके केले. तुमच्या घराच्या खिडक्या मी एक दिवसाआड उघडतो. वळचणीला पाकोळीने घरटं केलंय, ते तुमच्या परवानगीशिवाय राहू दिलं आहे.

लोक अजून बाणाच्या मागे तुमच्या दारात येतात आणि कुलूप बघून मला येऊन भांडतात. मागच्या रविवारी ती लहान मुलगी पुन्हा आली होती, तुमच्या गालाला बोट लावणारी. पुतळा कुठे नेला म्हणून विचारत होती. दुरुस्तीला गेलाय असं मी सांगितलं. खोटं नाही बोललो.

एक गोष्ट सांगायला हवी. वरचे साहेब पाहणीला आले होते. कुलूप पाहून त्यांनी तारीख विचारली. दहा नोव्हेंबरला सहा महिने भरतात. साहेब वाईट नाहीत, पण त्यांच्या मनात घर लोकांना दाखवायचं आहे आणि ते वाट बघताहेत. तुम्ही म्हणाल तर मी संध्याकाळी घरात दिवा लावत जाईन. कुणी विचारलं तर ताई आल्या होत्या, पुन्हा गेल्या, असं सांगेन. इतकी वर्षं तुमच्या हातचा चहा प्यायलोय, एवढं माझ्याकडे लागतंच.

लोभ ठेवालच. शिट्टी सांभाळून वाजवतो आहे.

आपला
शिट्टीवाला
(नाव तुम्हीच ठेवलंत, आता सही करावी लागते)


३१ जुलै

रा. रा. शिट्टीवाले यांस,

स. न. वि. वि.

दिवा लावू नका. माझ्यासाठी खोटं बोलाल आणि पकडले जाल, कारण तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. ऑक्टोबरात मी स्वतः येईन. पाकोळीला राहू द्या.

मी आता काठी घेऊन खोलीतून गॅलरीपर्यंत जाते आणि परत येते. गॅलरीतून बसथांबा दिसतो. कुठली बस किती उशिरा आली ते मी लिहून ठेवते आणि भिंगरीला संध्याकाळी जाब विचारते. ती ऑफिसला निघताना तीनदा मागे वळते. एकदा गॅस बघायला, एकदा माझी गोळी, तिसऱ्यांदा नुसतीच. पोर वाळली आहे. माझ्यापायी रात्रीची झोप नाही तिला, पण बोलून दाखवत नाही. माझ्यावर गेली आहे.

त्या बाणाचं तेवढं बघा हो. परवानगी आली का?

लोभ आहे, पण पाटी फिरवली नाहीत तर कमी करीन.

तुमची
ताई


२६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद वि. वि.

तू एक रात्र म्हणत होतीस, मी आठवडा मागून घेतला. तू न्यायला येशील तेव्हा मला तोंडाने नीट सांगता येणार नाही, म्हणून हे शिट्टीवाल्यांच्या हाती पुढे फाटकावर पाठवते आहे. तिथे बसूनच वाच.

तू सोडून गेलीस त्या दिवशी चढावरून मला येता येईना, तेव्हा त्यांनी होडीत बसवून तळ्यातून थेट अंगणाच्या कडेला आणलं. लोक काठावरून बघत होते. मी हात हलवला.

पहिल्या सकाळी चहाची बरणी वरच्या फळीवर होती. हात पुरेना, म्हणून शिट्टीवाल्यांकडून खाली काढून घेतली. मग डाळीचा डबा. मग पातेली. दुसऱ्या दिवशी पांघरुणं. तिसऱ्या दिवशी बघते तर सगळं घर कमरेच्या उंचीवर येऊन बसलेलं, आणि तरी दुपारपर्यंत मी दमून खुर्चीत. चूल पेटवायला वाकता येत नाही. विहिरीपर्यंत जाते, पण बादली घेऊन परत येत नाही. तुला माहीत आहे, मी रडत बसणारी नाही. पण परवा रिकाम्या बादलीकडे बघून रडले.

काल रविवार. बाणाच्या मागून माणसं आली. या खेपेला दार उघडं होतं. मी कुणाला हाकललं नाही, बसा म्हटलं. एका बाईने चहा केला, तिच्या नवऱ्याने पाणी भरलं. ती छोटी पोरही आली होती. मी दुरुस्त झाले का म्हणून तिने विचारलं, मी काठी दाखवली. मग तिने गिरणी कशी चालायची ते विचारलं आणि मी सांगत बसले. दळणाची माणसं आपला नंबर येईपर्यंत बसायची ना, अगदी तसंच वाटलं. कुणी खुर्चीत, कुणी उंबऱ्यावर, कुणी जमिनीवर. घराला इतकी वर्षं मी एकटी पुरले, पण घर काही एकटीसाठी बांधलेलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेले. दार लावलं आणि मला भीती वाटली. खरं सांगते. पडायची नाही. पडून तशीच राहायची.

म्हणून मी ठरवलंय. साहेबांना बोलावून घेतलं, उद्या येताहेत. मी काल इथे झोपले, आज झोपणार, म्हणजे माझा हक्क आत्ता अगदी ताजा आहे. सहा महिने भरले म्हणून म्हातारीचं घर गेलं असं कुणाला म्हणता येणार नाही. मी माझ्या हाताने देते आहे. मी दोनच गोष्टी मागणार. स्वयंपाकघराच्या दाराला दोरी बांधायची नाही, आणि आलेल्याला खुर्चीत बसू द्यायचं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या गाडीचा काही दोष नाही, ती वेळेवरच आली.

लोभाचं आता पत्रातून काय मागायचं, समोरासमोरच मागेन.

तुझी
आत्या


२८ ऑक्टोबर

आत्यास,

शिट्टीवाल्यांनी फाटकावर पत्र दिलं. सांगितलंस तसं इथेच बसून वाचलं. फाटकाच्या आत, धबधब्याच्या वाटेवरच्या त्या कापलेल्या झाडाच्या ओंडक्यावर. पंधरा मिनिटांत येते, डोळे पुसून. तोवर हे त्यांच्याच हाती.

बाबांच्या खोलीतली फळी मी मागच्याच आठवड्यात खाली घेतली. कमरेच्या उंचीवर. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं, तुला वाटलं असतं की मी तुझ्या परत जाण्याची आशा सोडली.

सामान उचलू नकोस. मी आले.

भिंगरी


१९ एप्रिल

रा. रा. शिट्टीवाले यांस,

स. न. वि. वि.

रविवारी मी आणि भिंगरी उद्यानात येऊन गेलो आणि नेमके तुम्ही रजेवर. मुलीकडे गेलात हे कळलं. नातू शिट्टी वाजवतो का?

तुम्ही नव्हता म्हणून सगळं लिहिते. भिंगरी पोहून आली. मी होडीत बसले, या वेळी रांगेत उभी राहून. धबधब्यापर्यंत गेले नाही, पण ओंडक्यापर्यंत गेले. काठी आता रुबाबापुरती.

मग घर बघायला गेलो. दारात एक नवी मुलगी माहिती सांगायला ठेवली आहे, चुणचुणीत आहे. मला ओळखलं नाही. तिने दहा-बारा जणांना तळं कुणी बांधलं, गिरणी कशी चालायची, खडीवाला कसा आला, सगळं छान सांगितलं. शेवटी म्हणाली की इथे एक बाई शेवटपर्यंत राहत होत्या. भिंगरी फसकन हसली. मुलगी जरा रागावली. मग तिने शिस्तीत एकेकाला कुठून आलात म्हणून विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, शहरातून. म्हणून टाकलं आणि मग माझ्याच लक्षात आलं की हे आपण पहिल्यांदा बोलतोय. भिंगरीने माझा हात घट्ट धरला. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच.

स्वयंपाकघराच्या दाराला दोरी नाही, शब्द पाळलात. पण खिडकीशी माझ्या खुर्चीत एक म्हातारीचा पुतळा बसवलाय तो कुणाचा उद्योग? साहेबांचाच असणार. नाक माझ्यापेक्षा बरं आहे. मी जवळ जाऊन त्याच्या गालाला बोट लावून पाहिलं. गार होता. त्या मुलीने लगेच टोकलं की आजी, वस्तूंना हात लावायचा नाही. मी बरं म्हटलं.

तर तेवढा पुतळा उचला. खुर्ची बसण्यासाठी आहे असं ठरलं होतं, आणि मी पुन्हा येईन तेव्हा मला तिच्यात बसायचंय, फार वेळ उभं राहिलं की खुबा अजून कुरकुरतो. ती छोटी पोर आली तर तिला सांगा की खरा पुतळा शहरात आहे आणि चालतो.

भिंगरीने येताना एक गोष्ट दाखवली. परवानगी एकदाची आली म्हणे, पाटी फिरवायचे स्क्रू फाटकाच्या खोलीत येऊन पडलेत. ते परत पाठवा. पाटीला हात लावू नका. बाण आता बरोबर आहे.

लोभ होता तितकाच आहे, कमी करायची धमकी मागे घेते.

तुमची
ताई